ट्रेलरच्या चाकांना जवसाचं तेल

इंदरलाल पाटलांची होडी पाण्यात कमी आणि रस्त्यावर जास्त चालायची, आणि तिला रस्त्यावर चालवून चालवून त्यांचा ड्रायव्हर नत्थूलाल पार थकला होता. हिवाळ्यात नवेगावच्या तलावावर बदकं उतरली की पाटलांचे शिकारी पाहुणे यायचे. मग जुन्या मोटारीमागे दोन चाकांचा ट्रेलर जोडायचा, त्यावर होडी आवळायची आणि खड्डे चुकवत तलाव गाठायचा. गेल्या हिवाळ्यात सडक अर्जुनीपाशी ट्रेलरचा टायर फुटला. होडी बाजूच्या धानाच्या बांधीत पालथी पडली, पाहुणे हात हलवत परतले आणि पाटलांना तोंड दाखवायला जागा उरली नाही.

"आता अजून एक टायर गेला, त तू घरी बस," पाटील म्हणाले. "गाडी दुसरा चालवंल."

बावन्न वर्षांच्या ड्रायव्हरला दुसरं कोण ठेवणार? नत्थूलालला हे पाटलांइतकंच ठाऊक होतं.

त्यात लढाईचे दिवस, रबर औषधालाही मिळत नव्हतं. नव्या टायरच्या परवान्यासाठी गोंदियाला पाच खेपा झाल्या, साहेबांच्या दारात उभं राहून पायांचे तुकडे पडले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एकदाचा कागद हातात आला आणि फुटका टायर खांद्यावर घेऊन तो मुन्नालालच्या टायरच्या दुकानात गेला.

मुन्नालालने दोन जोड्या पुढे टाकल्या. एकीची नक्षी खोल, जाडजूड. नत्थूलालने तिच्यावरच हात ठेवला.

"वो मत लो," मुन्नालाल म्हणाला. "लढाईके पहलेका माल है. किनारे देखो."

कडेला केसासारख्या बारीक भेगा होत्या. ट्रेलर वर्षातून आठ-दहा वेळाच रस्त्यावर येतो, त्याचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या सडतात, हे मुन्नालालने त्याला समजावलं. नक्षी नको पाहू, ताजं रबर पाहा. दोन्ही बाजूंना एकाच मापाचा घे. काम झालं की ट्रेलर दगडांवर टेकवून चाकं अधांतरी ठेव आणि ऊन लागू देऊ नको. मग त्याने फुटका टायर अंगठ्याने दाबला. रबर लोण्यागत आत गेलं.

"इसको तेल किसने पिलाया?"

नत्थूलालने फुटका टायर बाजूला सारला आणि ताज्या रबराची जोडी उचलली.

तो बैलगाडी हाकत होता तेव्हापासून दर दसऱ्याला त्याची बायको देवकाबाई चाकांना जवसाचं तेल लावून पूजा करायची. पाटलांनी मोटार घेतली, ट्रेलर आला, तरी तिचं तेल चालूच. मोटारीला ती नुसतं कुंकू लावायची. ट्रेलरला मात्र ओंजळीने तेल जिरवायची, कारण मोटारीत निदान नवरा असतो, त्या मागच्याला धरणारं कोणी नाही. आठ वर्षं तिने चाकं अशी चकाकवली आणि नत्थूलाल शेजारी उभा राहून खूश होत आला. आता त्याला स्वतःचाच राग येत होता.

दसऱ्याच्या सकाळी त्याने नवे टायर चढवून नट आवळले. तेवढ्यात देवकाबाई तेलाची वाटी घेऊन आली.

"यंदा तेल नको लावू," तो म्हणाला.

"काऊन?"

"मालक नाही म्हणतात."

"मालकाले मी सांगतो. सणाच्या दिवशी कोणी नाही म्हणते का?" ती खाली बसली आणि तिने बोटं वाटीत बुडवली.

त्याने तिचं मनगट धरलं. खोटं पुढे रेटायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने सगळं सांगून टाकलं. तेलाने रबर सडतं, गेल्या साली टायर त्यानेच फुटला, आणि आता एक जरी फुटला तरी नोकरी गेली.

देवकाबाईने तेलाची बोटं पदराला पुसली. मग त्या कोरड्या, चकाकी नसलेल्या चाकाला तिने हात लावला.

"तुमी होडी घेऊन गेले की मी बिनघोर झोपत होती," ती म्हणाली. "तेल लावलं हाय, म्हणून. आता कशी झोपू?"

टायरची जोडी पारखायला नत्थूलाल शिकला होता, पण तिच्या झोपेवर मुन्नालालने काही सांगितलं नव्हतं. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.