एकतीस तारखेची सफरचंदं

मित्रांनो, ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल होतं. आमच्याकडच्या मोजणीनं घोड्याचं वर्ष. आज मी एक जुनी, गंजलेली मालमोटार आहे. माझ्या एका दिव्याच्या खोबणीत चिमणी घरटं करते आणि माझी चाकं कधीच कुणीतरी दुसऱ्या कामाला नेली. पण त्या वर्षी माझा निळा रंग अजून निळा होता. गोबीच्या उघड्या माळावरून मी लोकरीचे गठ्ठे घेऊन निघाले, की उंट मान वळवून माझ्याकडे बघत राहायचे.

माझा जन्म फार दूरचा. रशियातल्या एका मोठ्या कारखान्यात, ठोकाठोकीच्या आणि तापलेल्या लोखंडाच्या वासात मी घडले. माझ्याबरोबर माझ्यासारख्याच निळ्या कितीतरी बहिणी होत्या. आम्हाला रेल्वेच्या सपाट डब्यांवर बांधलं आणि दिवसच्या दिवस आम्ही झाडांमधून चाललो. मग झाडं विरळ झाली, आणि एका सकाळी बघते तर झाडंच नाहीत. नुसतं आकाश. इतकं मोठं आकाश मी तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे. खरं सांगू? ते तसं वाटणं पुढे कितीतरी वर्षं गेलं नाही.

अल्ताई गावच्या वाहतूक तळावर मला गोंचिगदादांच्या हवाली केलं. गोंचिगदादा म्हणजे रुंद छातीचे, कमी बोलणारे, तपकिरीची बाटली कायम उराशी ठेवणारे. मी नवीकोरी, तरी पहिल्या दिवसापासून मला "म्हातारे" म्हणायचे. "चल म्हातारे, उलानबातर बघून येऊ." जाताना लोकर आणि कातडी, येताना पीठ, साखर, दाबून केलेल्या चहाच्या विटा. रस्ता म्हणून काही नव्हतंच. माळावर चाकांच्या खुणा पसरलेल्या असायच्या, ज्याला जी आवडेल ती त्यानं धरायची. खिंडीत दगडांची रास आली, तिला आमच्याकडे ओवो म्हणतात, की दादा तिला मान म्हणून तीनदा भोंगा वाजवायचे. हिवाळ्यात माझ्या बॉनेटवर ते दाबलेल्या लोकरीच्या बुरणुसाचा जाड डगला घालायचे, आणि सकाळी माझ्या पोटाखाली स्टोव्ह धरून मला जागं करायचे. अशी माया मला पुन्हा कुणी केली नाही.

त्या घोड्याच्या वर्षी शरद ऋतूत, एका गोठलेल्या सकाळी, मला चालू करायचं लोखंडी हँडल उलटं फिरलं आणि दादांचं मनगट मोडलं. तेव्हा माझं चाक झेवेगच्या हातात आलं. विशीतला तरणा गडी, गालावर कायम लाली. जवळपासच्या वस्त्यांवर त्यानं गाड्या नेल्या होत्या, पण लांबच्या वाटेवर तो नवा होता. पहिल्या दिवशी तो माझ्या सीटवर असा बसला, जणू दुसऱ्याच्या घोड्यावर बसलाय.

डिसेंबरात त्याला पहिली मोठी खेप मिळाली. लोकर राजधानीला, उलानबातरला टाकायची आणि येताना शाळेच्या वसतिगृहासाठी सफरचंदं आणायची. नववर्षाच्या सणाला प्रत्येक मुलाला एक सफरचंद मिळायचं. ही मुलं मेंढपाळांची. त्यांचे आईबाप माळावर, आणि ती इथं शिकायला. वर्षभरात फळ म्हणून त्यांना दिसायचं ते तेवढंच.

निघायच्या वेळी वसतिगृह सांभाळणारी यांजमा दुधाचं भांडं घेऊन आली. वाट सुखाची जावी म्हणून माझ्या चाकांवर दुधाचे शिंतोडे उडवायला. ती झेवेगच्याच वयाची होती, आणि ती आली की झेवेगचे कान लाल व्हायचे. थंडीनं नव्हे, हे मलाही कळत होतं.

"मुलं विचारून विचारून जीव खातायत," ती म्हणाली. "सफरचंदं येणार ना, म्हणतात."

"एकतीस तारखेला दुपारी," झेवेग छाती काढून म्हणाला. "जेवणाच्या आधी. सांग त्यांना."

तळावर टायर ठोकणारा ठोकायचा थांबला.

गोंचिगदादा गळ्यात बांधलेला हात सावरत पुढे आले. "काय म्हणालास?"

"एकतीस..."

"पुन्हा बोलू नकोस, गाढवा! रस्त्याला तारीख सांगतोस? माझं अर्धं आयुष्य या वाटेवर गेलं, बायकोनं एकदा विचारलं नाही की कधी येणार. आणि हा जेवणाची वेळ सांगतोय!"

"दादा, पण हवा चांगली आहे, गाडी चांगली आहे..."

"गाडी चांगलीच आहे. चुकीचं बोलतोयस तू. आमच्यात निघालेला माणूस पोचायची वेळ सांगत नाही, हे तुला तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

यांजमानं उरलेलं सगळं दूध एकदम माझ्या मागच्या चाकावर ओतलं. पण शब्द निघून गेला होता. तळासमोरच वसतिगृह, त्याच्या खिडकीला नाकं चिकटवून मुलं उभी होती, आणि त्यांनी तो ऐकला होता. आम्ही निघालो तेव्हा ती ओरडत होती, "एकतीस! एकतीस!"

राजधानीपर्यंतची वाट स्वप्नासारखी गेली. झेवेग गात होता, मी गुणगुणत होते. दुपारच्या उन्हात लांबचे डोंगर जमिनीपासून सुटून हवेत तरंगायचे. आम्ही त्यांच्या दिशेनं जायचो, ते तितकेच मागे सरायचे. नव्या ड्रायव्हरला असं वाटतं की आपण चाललोच नाही, जमीनच आपल्या खालून हळूहळू ओढली जातेय. त्याला मध्येच भीती वाटायची, मग तो माझ्या डॅशबोर्डवर थोपटायचा. थोपटत होता मला, धीर देत होता स्वतःला.

रेल्वेनं आलेली सफरचंदं माझ्यात चढली. खोक्याखोक्यांमध्ये बुरणूस कोंबलं, वरून ताडपत्री आवळली. मित्रांनो, लोकर आणि कातडी वाहून वाहून माझ्या अंगाला मेंढरांचा वास लागला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला फळांचा वास आला. माझ्या पाठीवर कुणीतरी एक आख्खा उन्हाळा ठेवलाय असं वाटलं. पण सफरचंद एकदा गोठलं की काळं पडतं, विरघळलं की त्याचा चिखल होतो. म्हणून दर मुक्कामाला झेवेग ओळखीच्या वस्तीवर सगळी खोकी आत उबेला न्यायचा आणि सकाळी परत चढवायचा. बोटं सुजली त्याची. तोंडानं मात्र एकच, "एकतीस, म्हातारे, एकतीस."

तीस तारखेच्या दुपारी माळावर एक गाडी उभी दिसली. बॉनेट उघडं. बाजूला मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला एक माणूस.

आमच्या वाटेवर एकच कायदा होता. उभी गाडी दिसली की थांबायचं. माणूस कोण, कुठला, काही बघायचं नाही.

झेवेगनं वेग कमी केला. मला वाटलं, थांबला. मग त्यानं मागच्या खोक्यांकडे एकदा बघितलं, भोंगा वाजवला, आणि तो पुढे निघाला.

तो माणूस ओरडला नाही. त्यानं हातही हलवला नाही. नुसता उभा राहिला. आमचा माळ इतका सपाट, की मागं राहिलेली वस्तू लवकर नाहीशी होत नाही. आरशात तो माणूस बोटाएवढा झाला, मग जवाच्या दाण्याएवढा, मग तिळाएवढा. पण होताच. झेवेग आरशात बघायचा, समोर बघायचा, पुन्हा आरशात बघायचा. त्याचं गाणं बंद झालं होतं. पुढे एक टेकडी होती. ती ओलांडली की आरसा रिकामा होणार होता.

टेकडीच्या पायथ्याशी त्यानं चाक फिरवलं. आम्ही मागे वळलो.

"आलास?" तो माणूस म्हणाला. मिशांवर बर्फ, पण डोळे हसरे. "मी स्वतःशी पैज लावली होती. म्हटलं, टेकडीच्या पलीकडून वळला तर नुसता बरा मुलगा, अलीकडून वळला तर आई चांगली आहे त्याची."

झेवेग खाली उतरला. "दादा, मला... माझ्याकडे सफरचंदं आहेत."

"मग एक दे. सकाळपासून उपाशी आहे."

"देता येत नाही. मुलांची आहेत. मोजून आहेत."

"अरे वा! थांबत नाही आणि देतही नाही. कुणाच्या घरचा आहेस बाबा तू?" आणि तो पोट धरून हसला. त्याचं नाव सोद्नोम. बायनखोंगोरकडचा मुरलेला ड्रायव्हर. त्याच्या गाडीचा मागचा एक्सल तुटला होता. जाळायला आणलेलं शेण संपलं होतं, कोटाची आतली लोकर उपसून तिचा त्यानं जाळ केला होता. संध्याकाळची थंडी त्याच्यानं निघाली नसती. हे कोटाचं लोंबतं अस्तर बघून झेवेगला कळलं.

सोद्नोमची गाडी माझ्यामागे साखळीनं बांधली. ओझं दुप्पट झालं. पावलापावलानं ओढत, उन्हं कलताना आम्ही नोर्दोव आजीच्या हिवाळी वस्तीवर पोचलो. बुरणुसाची दोन गोल तंबूघरं, बकऱ्यांचा वाडा, आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी आजी.

"दोन गाड्या आणि एकच चालतेय," ती म्हणाली. "आत या, चहा तापलाय."

सगळी खोकी आत गेली. अगदी मागचं, फळीला टेकलेलं एक खोकं गोठलं होतं. बाकीची शाबूत होती. घरात चूल धडधडत होती, आणि थोड्याच वेळात त्या बुरणुसाच्या भिंतींमधून बाहेर मलाही वास येऊ लागला. सफरचंदांचा, खारट चहाचा, धुराचा. बकऱ्यासुद्धा नाकं वर करून उभ्या राहिल्या.

झेवेगनं लाजत एक चांगलं सफरचंद आजीपुढे धरलं. तिनं ते दोन्ही हातांत घेतलं, डोळे मिटून हुंगलं आणि परत खोक्यात ठेवलं.

"माझी दोन नातवंडं त्याच वसतिगृहात आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या वाट्याचं मी इथं खाऊ? वास घेतला, झालं माझं."

सकाळी सोद्नोम म्हणाला, "आता मला इथंच टाक आणि जा. कुणीतरी येईल दुरुस्तीचं सामान घेऊन. तुझी आज एकतीस आहे ना?"

"तोंडानं जा म्हणतोय," आजी चुलीत शेण घालत पुटपुटली. "या वाटेला कोण येतंय? मागच्या महिन्यात एक उंट आला होता, तोही चुकून."

दुरुस्तीचा तळ उलट्या दिशेला होता. झेवेग बराच वेळ माझ्या पायरीवर बसून राहिला. मग उठला, सफरचंदं आजीच्या घरातच राहू दिली, आणि साखळी पुन्हा बांधली. दिवसभर आम्ही सोद्नोमला उलट दिशेनं ओढत नेलं. दुपारी, जेवणाच्या वेळेला, झेवेगनं एकदा सूर्याकडे बघितलं.

मित्रांनो, गोष्टीत अशा वेळी पुढे वादळ येतं आणि थांबला म्हणून वाचला असं निघतं. तसं काही झालं नाही. हवा निरभ्र होती. आम्ही थांबलो नसतो, तर एकतीस तारखेला जेवणाच्या आधी पोचलो असतो.

सोद्नोमला दुरुस्तीच्या तळावर सोडलं, आजीकडून खोकी परत चढवली, आणि पोचलो दोन तारखेच्या दुपारी. गावात शिरताना झेवेगनं भोंगा वाजवला नाही. वसतिगृहापाशी उतरला तो मान खाली घालून. गोंचिगदादा तिथं बसलेलेच होते. ते काही बोलायच्या आत यांजमा हात पुसत बाहेर आली.

"उशीर झाला," झेवेग मातीला म्हणाला.

"कसला उशीर?"

"आज दोन तारीख आहे, यांजमा."

"कोण म्हणतं? आत येऊन बघ."

आत भिंतीवर रोज एक पान फाडायची दिनदर्शिका होती. तिच्यावर मोठ्या लाल आकड्यात एकतीस होतं. सणाचं झाड सजलेलं, कागदी माळा लागलेल्या, आणि मुलं रांगेत, वाट बघत.

"काका," एक चिमुरडी म्हणाली, "काल पण एकतीस होती. परवा पण एकतीस होती. ताई पान फाडूच देत नाही."

स्वयंपाकीणबाई दारातून म्हणाल्या, "मी विचारलं हिला, गाडी आलीच नाही तर? म्हणाली, तर एकतीसच राहील. मुख्याध्यापक दोनदा येऊन दिनदर्शिकेपुढे खाकरून गेले, पण हिच्यापुढे बोलणार कोण!"

गोंचिगदादांनी तपकीर ओढली. "रस्त्यानं याचं ऐकलं नाही," ते म्हणाले, "पण तारखेनं हिचं ऐकलं. उतरवा रे खोकी, गोठतील."

वाटेत काही गोठतील म्हणून एक खोकं जास्तीचं होतं, त्यामुळे प्रत्येक मुलाला सफरचंद मिळालं. गोठलेल्या खोक्यातल्या सफरचंदांचा यांजमानं साखर घालून पाक केला, तो मोठ्यांनी चहाबरोबर खाल्ला. मग सर्वांत लहान मुलाला खुर्चीवर उभं केलं आणि त्यानं पान फाडलं. अल्ताई गावातल्या त्या एका घरात नवं वर्ष दोन दिवस उशिरा आलं, आणि कुणाचंही काही अडलं नाही.

गोंचिगदादांचं मनगट पुन्हा धड झालं नाही. ते तळाच्या फाटकाशी बसून नव्या ड्रायव्हरांना शिव्या देत शिकवायचे. एका वसंतात, धुळीच्या दिवसांत, ते गेले. सोद्नोम दर हिवाळ्यात येणाऱ्या कुठल्याही गाडीबरोबर वाळवलेल्या दह्याची पिशवी पाठवायचा, "सफरचंद न देणाऱ्याला" असा निरोप देऊन. एका वर्षी पिशवी आली नाही, तेव्हा आम्ही समजलो. झेवेगचं आणि यांजमाचं लग्न झालं. तळ बंद पडेपर्यंत तो मलाच चालवत होता. आता दोघं लेकीकडे उलानबातरला, उंच इमारतीत राहतात असं ऐकते. नोर्दोव आजी तिच्या वस्तीवरच कायमची निजली. तिच्या त्या दोन नातवंडांपैकी थोरल्यानं मला भंगारातून सोडवून इथं आणलं, तिच्याच वस्तीपाशी. वादळात तो बकरीची करडं माझ्या केबिनमध्ये ठेवतो. त्यांची ऊब मला पुरते.

आता जवळून डांबरी रस्ता गेला आहे. गाड्या सुसाट जातात. त्यात बसलेल्यांना मी दिसतही नसेन. मित्रांनो, तुमच्या वाटेवर कुणी उभं दिसलं, माणूस असो, जनावर असो, की माझ्यासारखं लोखंड असो, तर आधी वेग कमी करा. पुढे काय करायचं ते मग ठरवा. माझ्यापाशी आलात तर खुशाल आत बसा, चाक फिरवा, हवं तिकडे जा. दार मात्र हळू लावा. आत करडं झोपलेली असतात.