शिडाच्या दोरीला गाठ

दोऱ्याचं टोक दिसलं की गाठ मारायची. ओली गाठ दातांनीही सुटत नाही. कायाकला ब्रेक नसतो.

पहिलं वाक्य शिंपीणबाईचं, वीस वर्षं शिवणयंत्रापुढे बसून अंगवळणी पडलेलं. बाकीची दोन तिच्या नणंदेची, कारण ती कायाक, म्हणजे वल्ह्याची, हवं तर शीडही लावता येणारी अरुंद होडी, चालवायला शिकवायची.

त्या दिवशीही शिंपीणबाईने सवयीने शिडाची दोरी कडीला बांधली. नणंदेने ती किनाऱ्यावरच सोडवली आणि तिच्या मुठीत कोंबली.

"वहिनी, हा काय परकर आहे? वारा चढला की मूठ उघडायची!"

"हात भरून येतो हो, वन्सं."

"येऊ दे."

नणंद किनाऱ्यावर थांबली; शिंपीणबाई एकटी भर पाण्यात असताना वाऱ्याने दणका दिला. कायाक कलंडली, पाणी आत आलं, आणि बोटं गाठ शोधू लागली. गाठ नव्हतीच. तिने मूठ उघडली. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं फडफडलं आणि कायाक सरळ झाली. मग शीड खाली पाडून, पट्ट्याने आवळून ती वल्हवत परतली.

किनाऱ्यावर तिने नणंदेचा हात घट्ट धरला.

"तुम्ही होतात म्हणून, वन्सं."

"बरं बरं. आता सोडलात तरी चालेल."

तिने सोडला नाही.

सकाळी दोघी घरून निघाल्या, तेव्हा झाडाचं पानही हलत नव्हतं; तरीही नणंदेने ती गाठ ठेवू दिली नव्हती.