दादाचा दगड

भाऊ गेल्यापासून ताईला रडू आलं नव्हतं. लोक म्हणाले, धक्का बसलाय. ताईला तसंही काही वाटत नव्हतं. हात आपलं काम करत होते, पाय ऑफिसला जात होते, ती आपली मागून चालली होती.

ऑफिस वेधशाळेचं. भाऊही तिथलाच. दुर्बिणीवरच्या शेवटच्या पाळीत पृथ्वीजवळून सरकणारा एक नवा दगड त्यानं टिपला होता. असा दगड पुन्हा एकदा दिसला, तरच पक्का धरतात आणि शोधणाऱ्याचं नाव लागतं. मध्ये आभाळ भरून राहिलं, दगड लांब जात पुसट झाला. आता कालच्या फोटोंत सापडला तर सापडला.

वहिनी सकाळपासून शेजारी खुर्ची ओढून बसली होती.

"वन्सं, जवळून गेला म्हणजे किती?"

"चंद्राच्या पलीकडून."

"याला जवळ म्हणता? धन्य आहे तुमची!" वहिनी हसल्यासारखी झाली. "आणि आमच्याकडे माणूस शेजारच्या खोलीत गेला, मला पत्ता नाही."

ताईनं फोटो एकावर एक रचले. पुसट दगडासाठी हीच रीत: त्याच्या चालीप्रमाणे प्रत्येक फोटो थोडा थोडा सरकवायचा, म्हणजे ताऱ्यांच्या रेघा होतात आणि दगडाचा ठिपका उजळतो. काहीच उजळलं नाही. तिनं चाल जरा वाढवली. कमी केली. पुन्हा वाढवली. आणि ठिपका उमटला.

"हाच का हो?" वहिनी उठून उभीच राहिली. "पोरीला सांगून बसलेय, बाबांचा दगड वर आहे म्हणून."

पलीकडच्या टेबलावरून खात्यातला जुना मोजणीवाला डोकावला. त्याला सगळे भिंग म्हणत. "दिसतोय की! नोंद पाठवून टाक."

चाल मनासारखी बदलत गेलं, की रिकाम्या आभाळातही ठिपका उगवतो. ताईनं फोटोंचे दोन वाटे करून पुन्हा रचले. खरा दगड दोन्हींत दिसतो. हा एकातच होता.

"नाही, वहिनी. हा तो नाही."

"पण मला दिसला ना!"

"मलाही दिसला. आपल्याला हवा होता म्हणून."

"अगं, सख्ख्या भावासाठी एवढंही नाही?" भिंग पुटपुटला.

"दादानंच पाठवू दिला नसता. असल्याच ठिपक्यावरून त्यानं मला चारचौघांत झापलं होतं."

वहिनी हळूच खाली बसली. "मग आता काय लिहिणार?"

"हरवला."

"म्हणजे संपला?"

"नाही, फिरत असतो. कुठे, ते आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच."

"आणि परत आला तर?"

"ज्याला दिसेल, त्याचं नाव."

वहिनीनं खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाली, "पोरीला तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"सांगते."

ताईनं लिहिलं, पाठवलं, आणि दोघी शाळेच्या वाटेला लागल्या. रस्ता ओलांडताना वहिनीनं तिचा हात घट्ट धरला. तो धरलाय, हे ताईला पलीकडे पोचल्यावर कळलं.