गुलाबी दाणे

सुवर्णावहिनीची बोटं गुलाबी दिसली आणि छाया धावत तिच्याजवळ गेली. पेरणीच्या भुईमुगाला दादानं कालच विषारी औषध चोळलं होतं, त्याचाच तो रंग! वहिनीला सातवा महिना, त्यात माहेर शहरातलं. तिला काय ठाऊक?

"वहिनी, थुंक! आधी थुंक ते!"

"ओरडू नकोस गं, आई ऐकतील. चारच खाल्ले." वहिनी रडकुंडीला आली. "उष्ण म्हणून घरात दाण्याला हात लावू देत नाहीत. मी काय करू? दिवसभर तेच डोळ्यांपुढे येतं."

छायानं तिला चुळा भरायला लावल्या, औषधाची पुडी उचलली आणि आईला, आक्काबाईंना, हाक मारून रिक्षा थांबवली. मखमलाबादपासून पंचवटीतल्या दवाखान्यापर्यंत आक्काबाई सुनेचा हात सोडेनात. "पोरी, पाहिजे तेवढे दाणे खा, पण लेकराला काय होऊ देऊ नको गं!"

डॉक्टरीणबाईंनी पुडी वाचली, वहिनीच्या पोटाला नळी लावली.

"बाळाचे ठोके चांगले आहेत. तरी आज इथंच राहू दे. आणि साधे, भाजलेले दाणे खुशाल द्या हो हिला."

आक्काबाई बाकावर बसल्या. छायानं डोळे पुसले. "आई, ऊठ. दाणे भाजून आणायचेत."