लेइरमूच्या उताराचा नकाशा

मित्रांनो, जन्म माझा छापखान्यातला, पण आयुष्य गेले नॉर्वेतल्या लेइरमू गावच्या शाळेत. त्या गावाचा मी जुना स्थलदर्शक नकाशा. माझ्या अंगावरच्या तपकिरी समोच्च रेषांसाठी मोजणीदारांनी दोन उन्हाळे चिखल तुडवला होता. एका रेषेवरची सगळी ठिकाणे एकाच उंचीवर असतात. रेषा दाटीने आल्या की चढ उभा, फाकल्या की जमीन सपाट. एवढे ज्याला कळते त्याला माझ्यात कागद दिसत नाही, डोंगर दिसतो.

इंगेबोर्गबाई भूविज्ञान शिकवत. मला टेबलावर पसरून त्या म्हणत, "नकाशा छान आहे, हे मला सांगू नका. तो काय बोलतोय ते सांगा. आणि पुरावा दाखवा."

एका वर्षी त्यांचेच बोट माझ्यावर थबकले. ओढ्याकाठच्या उतारावर माझ्या रेषा एकदम आत वळल्या होत्या. तोंड अरुंद, आत पोट मोठे, अगदी सुरईसारखे. नुसता ओढा असा खळगा कोरत नाही. कधीतरी तिथली अख्खी जमीनच त्या अरुंद तोंडातून वाहून गेलेली असते. असे तीन खळगे ओळीने होते. त्यांच्या पुढची जागा मात्र अजून भरलेली होती, तिथली जमीन सुटायची राहिली होती. ते बाईंच्या धाकट्या भावाचे, ओस्मुंडचे शेत. तिथे अकरा घरे बांधायचे ठरले होते.

बाई लगेच बोलल्या नाहीत. नकाशा शंका देतो, खात्री जमिनीतून काढावी लागते. हाताने फिरवायच्या गिरमिटाने त्यांनी शेताच्या कडेची खोलवरची माती काढली आणि वर्गात आणली. मातीचा गोळा चीजच्या वडीसारखा ताठ उभा राहिला. मग तो वाडग्यात घालून बाईंनी चमच्याने घोटला. पाण्याचा थेंबही न घालता त्याची पातळ लापशी झाली! कधीकाळी तिथे समुद्र होता. त्याच्या मिठाने ही माती धरून ठेवली होती, आणि हजारो वर्षांच्या पाण्याने ते मीठ धुऊन नेले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी त्या मला नि वाडग्याला घेऊन भावाच्या स्वयंपाकघरात गेल्या.

"ओस्मुंड, घरांसाठी उतारावर मातीचा भराव टाकू नकोस. आधी यंत्रानं खोल भोकं पाडून जमीन तपासून घे."

"अगं, चाळीस वर्षं त्या शेतात ट्रॅक्टर चालवतोय मी. एकदा तरी रुतला?"

"ट्रॅक्टर येतो नि जातो. भराव तिथंच बसून राहणार."

"मास्तरीणबाई, वाडगाभर चिखल घोटलास म्हणून गाव वाहून जात नाही हं!"

ओस्मुंडची बायको हेरदिस हसली. मग माझ्यावर वाकून म्हणाली, "आमचं नवं घर कुठं येणार यात?"

बाईंनी बोट ठेवले. हेरदिसने तिथे ठेवलेला कॉफीचा कप हळूच उचलून घेतला.

पुढे बाई मला गावच्या सभेत घेऊन गेल्या. नगराध्यक्ष म्हणाले, "आता शाळेतल्या जुन्या कागदावर गाव चालवायचं काय?" सभा खळखळून हसली. मित्रांनो, मला खोटे ठरवले असते तरी चालले असते. पण माझी घडी कोणी उलगडलीच नाही.

भराव पडला. घरे उभी राहिली.

एप्रिलात बर्फ वितळला आणि एका दुपारी उतार सुटला. चार मिनिटांत सात घरे गेली. बाकीची माणसे कामावर होती, म्हणून वाचली. हेरदिस घरी होती. ती नवव्या दिवशी सापडली.

त्यानंतर ओस्मुंड शाळेत आला. चिखलाच्या बुटांनी रिकाम्या वर्गात उभा राहिला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग दोन मुस्काटात मारून का नाही अडवलंस मला?"

बाईंनी माझ्यावर हात टेकला. "पुरावा पुरेल असं वाटलं रे."

तो निघून गेला. बहीणभाऊ पुन्हा कधी एका टेबलाशी बसले नाहीत.

चौकशी समिती शाळेतच येऊन बसली. तिने लिहिले, 'हा अपघात आधी ओळखणे शक्य नव्हते.' ते लिहिले जात होते तेव्हा मी त्याच टेबलावर होतो. घडी घातलेला, फायलींच्या खाली.

बाईंनी नोकरी सोडली. गावाचा नवा नकाशा छापून आला आणि माझी रवानगी कोठीच्या खोलीत झाली. माझ्या घड्या आता फाटत चालल्या आहेत. त्याचे मला दुःख नाही. कागद पुन्हा छापता येतो.

पण एक गोष्ट मला कुरतडते. तो वाडगा वर्गातल्या सव्वीस मुलांनी पाहिला होता. सव्वीस घरांत रात्रीच्या जेवणाला त्याची गंमत सांगितली गेली असेल. त्यांतल्या एकाही घरातून कोणी बाईंच्या मागे उभे राहिले नाही.

म्हणून मला जपा, असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, पुराव्याला पाय नसतात. त्याला हाताला धरून दारोदार न्यावे लागते. एक दार आपटले तर दुसरे, दुसरे आपटले तर पुन्हा पहिले. बाई दोन दारांपर्यंत गेल्या आणि एकट्या गेल्या. तुम्ही एकट्याला जाऊ देऊ नका.