रोवण्याची सुट्टी

त्या वर्षी माणिक मुकादमानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "ज्याले रोवण्याले जाचं असन त्यानं जा. तुमची जागा कुठं पळून नाही जात."

कॅम्पातली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. भिलाईला आल्यापासून आषाढ लागला की मुकादमाचं डोकं फिरायचं. पोलाद कारखान्याचं बांधकाम जोरात, आणि तुमसर-साकोलीकडची ही सगळी धानाची माणसं. गावी शेताच्या बांधीत चिखल होऊन रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की यांचे हात इथं ठरत नसत. कोणी जिवंत सासूला मारून रजा मागे, कोणी न सांगताच गाडी धरी. मागच्या साली चिंधूनं रजा मागितली तर माणिकनं त्याच्या अंगावर घमेलं फेकलं होतं. यंदा तोच माणूस, गावचाच, चिंधूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जा गा. मायले भेटून ये."

चिंधूची बायको रुक्मा झोपडीच्या दारात तांदूळ निवडत होती. ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते, गाडीतले धक्के तिला सोसणार नव्हते.

"तुले काय आणू?" चिंधूनं विचारलं.

"काही नको जी." मग म्हणाली, "पऱ्ह्याची एक जुडी आणजा."

"धानाची रोपं? इथं कुठं रोवशीन? सिमिटात?"

"हातात धरून पाहीन. मंग फेकून देईन."

चिंधू हसला आणि पिशवी घेऊन निघाला. पण रुक्मा थट्टा करत नव्हती. तिचे पाय चिखल मागत होते. लग्नाआधीपासून दर आषाढात ती वाकली होती, शेजारणीच्या कोपराला कोपर लावून, मागे मागे सरकत. शेवटच्या दिवशी बाया एकमेकींच्या गालाला चिखल फासत आणि हसत घरी येत. इथं डोक्यावर घमेलं घेऊन ती पुढे चालत असे, आणि पायाखाली गिट्टी.

तिच्या मनात दुसरीही एक ओढ होती. सेक्टरातल्या कामगारांच्या क्वार्टरांसाठी तिनं विटा वाहिल्या होत्या. एका क्वार्टराच्या मागच्या अंगणात नळ बसवला, त्यात पाणी यायच्या आधीच तिनं त्याखाली हात धरून पाहिला होता. कॅम्पात सगळे म्हणत, भट्ट्या चालू झाल्या की साहेब लोक ठेकेदाराच्या माणसांतूनच कामगार निवडतील. निवडला तो परमनंट. बिल्ला, क्वार्टर, नळ. पहिली भट्टी हिवाळ्यात पेटली होती. निवड कधी होणार ते मात्र कोणी सांगत नव्हतं.

चिंधू गेला त्याच आठवड्यात निवड सुरू झाली.

बेबीनं रुक्माला हे पाण्याच्या टाकीवर सांगितलं. बेबीचा नवरा पुंडलिक चिंधूचा जोडीदार होता. दोघं एकाच परांचीवर चढून लोखंड जोडत. पुंडलिकाला गावी टीचभरही जमीन नव्हती, म्हणून रोवण्याला जायचं त्याला कारणच नव्हतं.

"साहेबानं यायले वर चढून दाखव म्हटलं," बेबी सांगत होती. "हे माकडावानी चढले. साहेब म्हणे, बस, उतर. झालं, घेतलं." बोलता बोलता तिला चिंधू आठवला आणि ती आपल्या पाण्याच्या गुंडीत बघायला लागली. "उद्या-परवा अजून घेणार हायेत वो. मंग बंद."

रुक्मा तशीच रिकामी गुंडी घेऊन मुकादमाकडे गेली. "भाऊ, यायले निरोप धाडा."

"धाडतो ना वहिनी. पण रोवणा अर्धा टाकून येईन का तो? मायले काय तोंड दाखवन?"

तो निरोप धाडणार नाही हे तिला त्याच्या आवाजावरूनच कळलं. पुंडलिकानं गोंदियाकडे जाणाऱ्या इंजिनावरच्या एका फायरमनला गाठून चिंधूसाठी निरोप सांगितला. रुक्मा पोट सांभाळत स्टेशनावर जाऊन बसली. पॅसेंजर आली, दुर्गचे बाजारकरी उतरले, कोंबड्यांची पाटी उतरली. चिंधू उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही ती गेली. हमाल म्हणाला, "बाई, गाडीले टक लावून पाहिलं म्हणून ती माणूस जास्त देत नाही."

चिंधू आला तेव्हा निवड संपली होती. नखांत चिखल, डोळ्यांत गावची झोप, आणि काखेत ओल्या पोत्यात गुंडाळलेली पऱ्ह्याची जुडी. निरोप त्याला मिळालाच नव्हता.

"घे. मायनं निवडून देले. म्हणे, सुनेले सांग, शेवटची ओळ तुह्या नावानं रोवली."

रुक्मानं जुडी नाकाशी धरली. चिंधूला आधी जेवू घातलं. मग सगळं सांगितलं. चिंधूनं ताटात हात धुतला आणि कितीतरी वेळ ती नखंच बघत बसला.

सकाळी गावाहून परतलेले सगळे मुकादमासमोर उभे राहिले. माणिकनं तंबाखू मळत सांगितलं, "नंदिनीले ठेकेदारानं चुन्याची खदान घेतली हाय. ट्रक येईन. सामान बांधा."

बोलली ती रुक्मा, मागून.

"भाऊ, मागच्या साली तुमी यायले घमेलं मारलं. यंदा सुट्टी कावून देली?"

माणिकनं तंबाखू तोंडात टाकली नाही. "सगळेच चांगले हात कारखान्यानं नेले असते तं ठेकेदारानं खदान कोणाच्या भरोशावर घेतली असती?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मले वरून सांगतलं वहिनी. मी बी नोकरच हाय."

"गावचे होते तुमी."

"म्हणून तं मले सांगतलं. दुसऱ्याचं कोणी ऐकलं असतं का?"

ट्रक आला तशी माणसं चढायचं सोडून त्याच्यापुढंच ठाण मांडून बसली. हाफिसातून कोणी आलं नाही. दुपारी पाळीचा भोंगा झाला आणि नवी माणसं गेटाकडे निघाली. त्यांत पुंडलिक होता, छातीवर बिल्ला, मान खाली. तो पुढून गेला तेव्हा चिंधूच बोलला, "पुंडलिक, बिल्ला वाकडा लागला गा. सरळ कर."

पुंडलिकानं बिल्ला चाचपला. भोंगा दुसऱ्यांदा झाला तसा तो गेला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं कुम्हारीकडून दुसरी माणसं आणून ट्रकाजवळ उभी केली. तीही उपाशी दिसत होती. बसलेल्यांतला एक उठला, मग दुसरा. शेवटी चिंधूही सामान बांधायला उठला.

तेवढ्यात रुक्मा फुटक्या घमेल्यातली पऱ्ह्याची जुडी घेऊन सेक्टरात गेली. बेबीला क्वार्टर मिळालं होतं. रुक्मानं हात धरून पाहिला होता ते हे नव्हतं, पण नळ तसाच होता. बेबीनं तो सोडून दाखवला आणि लगेच बंद केला, जणू काही चोरी केली.

"राहू दे ना वो चालू," रुक्मा म्हणाली.

नळामागच्या मातीत पाणी पसरलं. रुक्मानं लुगडं वर खोचलं आणि पाय टाकला. घोट्यापर्यंत पाय गेला.

"वाकू नको, पोट हाय," बेबी म्हणाली.

पण ती वाकली. एक रोप, मग दुसरं, मागे सरकत. बेबीही पदर खोचून तिच्या कोपराला कोपर लावून उभी राहिली. तेवढ्याशा जागेत दोन ओळी झाल्या आणि पाठीला भिंत लागली. बाहेर ट्रकानं भोंगा वाजवला. बेबीनं पाय धुवायला नळाकडे बोट केलं. रुक्मानं मान हलवली आणि तशीच निघाली.

ट्रकात चिंधूनं तिला हात देऊन वर घेतलं. तिच्या पायांकडे पाहिलं.

"पऱ्हे कुठं?"

"रोवले. बेबीच्या क्वार्टरात, नळापाशी."

ट्रक नंदिनीच्या वाटेला लागला. चिंधू पाठीमागे राहिलेल्या भट्टीच्या धुराकडे बघत होता. मग म्हणाला, "मंग कापाले यावं लागन."