भिंतीपासून दोन बोटं

मी गवंड्याचा ओळंबा. पितळेचा, पेरूएवढा, वर दोरी आणि दोरीला लाकडाचा चौकोनी गट्टू. आयुष्यभर मी नुसता लटकलो. भिंत सरळ असली तर तिला जेमतेम टेकायचं, वाकडी असली तर तसं दाखवायचं, एवढंच माझं बोलणं. आता तेवढ्यानं भागत नाही, म्हणून तोंड उघडतोय.

धुळ्याच्या एका तांबटानं मला घडवलं आणि उखर्डू गवंड्यानं विकत घेतलं. तेव्हा आमच्याकडे घरं धाब्याची. दोन हात रुंद मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर काटक्या आणि सगळ्यात वर खारी पांढरी माती. बाहेर ऊन भाजत असलं तरी आत गारवा. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकायची, पण त्याआधी जुना थर खरवडून काढायचा, हे उखर्डू कधी विसरला नाही. ओझं वाढलंच, तर तुळया करकरायच्या. माणसं भांडीकुंडी उचलून बाहेर यायची. घरं पडली, पण माणसं वाचली.

सरकारी कामांवर मी दगड आणि चुनाही पाहिला. बैल चुन्याच्या घाण्याभोवती फिरायचा, चुना मळला जायचा, आणि भिंत इतक्या सावकाश चढायची की मला झोप यायची. मग विटा आल्या, सिमेंट आलं आणि सगळ्यांना घाई सुटली.

उखर्डूचा मुलगा आधार त्या घाईतला, पण हाताचा पक्का. दर तीन थरांनी मला खाली सोडायचा आणि माझ्यामागे बोट घालून बघायचा. देवपुरात त्यानं स्वतःचं घर बांधलं ते विटांचं, पत्र्याचं. खाली काळी माती, पाया बेताचा, खांब एकही नाही. "ह्या भिंतीसवर पत्राच बरा," असं तो सगळ्यांना सांगायचा.

त्याचा मुलगा जीवन सेंटरिंगची कामं घेतो. त्यानं पत्रा काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकला. त्याच्याकडे लाल रेघ पाडणारं यंत्र आहे, त्यामुळे मला समोरच्या खोलीत, भिंतीच्या वरच्या खिळ्याला शोभेसाठी टांगलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

उन्हाळ्यात स्लॅब तव्यासारखा तापला. आधारची बायको लिलाबाई धाब्याच्या घरात वाढलेली. तिनं एक ट्रॉली पांढरी माती आणवून वर पसरली आणि खोली खरंच गार झाली. पुढच्या वर्षी आणखी एक ट्रॉली. सहा वर्षं झाली, सहा थर झाले. खरवडायचं कुणालाच आठवलं नाही. माती टाकायची तेवढी आठवते माणसांना.

त्या गारव्यात सून वृषाली दुपारी शिवणाचे क्लास घेते. दहा-बाराजणी माझ्या भिंतीला पाठ टेकून बसतात, हसतात, काज करतात. आणि मी भिंतीपासून दूर होत चाललोय. मी जागचा हललेलो नाही. भिंतीचा माथाच खोलीत झुकतोय.

हे फक्त आधारला कळलं. मोतीबिंदूनं त्याची नजर गेली आहे, पण मार्चमध्ये त्यानं चाचपडत माझ्यामागे बोटं घातली आणि मुलाला हाक मारली.

"जीवन, भीत झुकनी शे. दोन बोटं जातस. वरनी माती काढ."

"आबा, दोरी जुनी व्हयनी. सलाब शे तो, धाबं नही."

"धाबं पडाना पहिले करकर करस. सलाब काहीच सांगत नही."

जीवन हसला आणि कामावर गेला. पण आधारनं एक केलं. यंदाची ट्रॉली दाराशी आली तेव्हा तो काठी घेऊन जिन्यात बसला आणि कुणालाही वर जाऊ दिलं नाही. माती अंगणातच पडून राहिली. लिलाबाई त्याच्याशी चार दिवस बोलली नाही.

गेल्या आठवड्यात वृषालीनं नवा पंखा लावला. वाऱ्यानं मी हलायचो आणि भिंतीवर टकटक आपटायचो. शिकणाऱ्या बायका वैतागल्या. वृषालीनं माझ्या डोक्याजवळ दोरी भिंतीला दाबली आणि तिच्यावर चिकटपट्टी मारली. तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. टकटक बंद झाली.

आज सकाळी आधार आला. खालून त्यानं माझ्यामागे बोट घालून पाहिलं. बोट जाईना. नख जाईना. त्यानं पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मी जीव तोडून सुटायचा प्रयत्न केला, पण पट्टी घट्ट आहे.

"मना हातच चुकना," तो हळूच म्हणाला. "जीवन बरोबर म्हने. गयं आते मना हातनं काम."

मग त्यानं बायकोला हाक मारली. "लिला, टाकी दे माती. बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे म्हणे!

आता दुपारचे दोन वाजलेत. वर फावडी चालली आहेत, सातवा थर पसरतोय. खाली मशिनी सुरू आहेत. आधार बायकांमध्ये येऊन बसलाय, पाठ भिंतीला टेकून, बऱ्याच दिवसांनी निवांत.

बायांनो, तुमच्यापैकी एकीनं तरी हात वर करा आणि ही पट्टी काढा.